शब्द कळत नाहीत, तरी गाणं लागतं : तुमचे अनुभव लिहा

खारा वारा

ज्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही त्या भाषेतलं गाणं तुम्हाला कधी आतून हलवून गेलंय का? कुठे ऐकलंत, कुणाचं, काय झालं, सगळं लिहा. लग्नात वाजणारी, नाचायची गाणी असली तरी चालतील, पण मला जास्त करून ती हवीत जी तुम्ही एकट्यानं परत परत ऐकलीत.

सुरुवात मी करते. माझी बाई म्हणजे सेझारिया एव्होरा. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमधे केप व्हर्द म्हणून दहा बेटं आहेत, पाऊस अगदी कमी, १९७५ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य, तिथल्या मिंदेलो बंदरातली ही. लहान असताना वडील गेले, काही वर्षं अनाथाश्रमात काढली, मग बंदरातल्या बारमधे खलाशांसमोर गायला लागली, मधे तर कित्येक वर्षं गाणंच सोडून दिलं होतं, आणि जगाला ती खऱ्या अर्थानं कळली पन्नाशी ओलांडल्यावर, १९९२ च्या 'मिस परफुमादो' अल्बमनंतर. स्टेजवर अनवाणी उभी राहायची. मधेच टेबलाशी बसून शांतपणे सिगरेट ओढायची आणि मागे वादक वाजवत राहायचे. ती गायची त्या संथ गाण्यांना मोर्ना म्हणतात, भाषा तिथली क्रिओल, पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषांची मिसळ.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नोकरीसाठी नुकतीच वाशीला आले होते, खोलीवर एकटी असायचे. त्या आवाजात कुठे जोर नाही, काही पटवून द्यायची घाई नाही, वरच्या पट्टीत जाऊन टाळ्या घ्यायचा सोस नाही. आणि तरी मी जागची उठू शकले नाही. तिचं सगळ्यात गाजलेलं 'सोदादे' कशावर आहे हे मला नंतर कधीतरी कळलं, बेटांवरून साओ तोमेला कोकोच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून गेलेल्या माणसांची ती वाट आहे. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात तीन पिढ्यांच्या बायकांनी हेच केलंय, नवरा बोटीनं मुंबईला, गिरणीत, आणि भेट गणपती नाहीतर शिमग्याला. गाण्याची गोष्ट कळायच्या आधीच मला आजी आठवली होती, हे मी शपथेवर सांगते.

ऊसवाला

ताई, छान विषय काढलात. मी शेतकरी माणूस, सांगली जिल्हा. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाईट आलटून पालटून दिवसा आणि रात्री असती, रात्रीचा आठवडा आला की मोटर चालू करून उसात दारं धरायला जावं लागतं, बॅटरी हातात, एक वाफा भरला की दुसरा फोडायचा. भाच्यानं मोबाईलमधे काय काय टाकून दिलेलं, त्यात एक गाणं लागलं, गिटार आणि मागं कसलातरी ठेका आणि एक माणूस गातोय, काय भाषा काय पत्ता नाही, पण माणूस आपल्यातला आहे असं वाटलं बघा. मी भाच्याला सकाळी फोन करून विचारलं हा कोण. अली फार्का तुरे, माली देशातला, नायजर नदीच्या काठावर नियाफुंके म्हणून गाव आहे तिथला.

मग वाचत गेलो. तो स्वतःला आधी शेतकरी म्हणवायचा आणि मग गायक. गाण्याचा पैसा गावात आणून जमिनीला पाणी करण्यात घातला. १९९४ ला अमेरिकेतल्या राय कूडरबरोबर अल्बम केला, त्याला ग्रॅमी मिळालं, पण हा गडी पुन्हा गावात. पुढचा अल्बम करायला रेकॉर्डिंगवाल्यांनाच त्याच्या गावी यावं लागलं, गावात लाईट नाही म्हणून जनरेटर आणला आणि एका बंद पडलेल्या इमारतीत रेकॉर्ड केलं, तेपण शेतातली कामं सांभाळून. २००४ ला गावाचा महापौर झाला, २००६ ला वारला. त्याच्या तीन-चार भाषा, मला त्यातली एकपण येत नाही. पण रात्री दोन वाजता पाणी सरीतनं पुढं सरकत असतं तेव्हा ते गाणं बरोबर त्याच चालीनं चालतं. एवढंच लिहायचं होतं.

जवारी तार

ऊसवाला दादा, तुम्हाला आपल्यातला वाटला त्याला कारण आहे. त्याची बरीच गाणी पाच सुरांत फिरतात, सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. आपल्याकडे धानी रागाचे हेच सूर. कान हे लहानपणापासून ओळखतो, भजनातून लोकगीतातून कुठूनही.

माझा अनुभव तुवा देशाचा. म्हणजे देश नाही, रशियातला सैबेरियाचा एक भाग, मंगोलियाला लागून. तिथला हून-हूर-तू म्हणून ग्रुप आहे. हे लोक एका गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढतात, खाली घोगरा खर्ज धरून ठेवायचा आणि त्याच्या वर शिट्टीसारखा बारीक सूर फिरवायचा. मी गाणं शिकते, गुरूंकडे पहिलं वर्ष बराच वेळ नुसता तानपुरा लावण्यात जायचा आणि त्या म्हणायच्या, आता खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतोय का बघ. तो गंधार कुणी छेडलेला नसतो, तार नीट लागली की आपोआप येतो, स्वयंभू. तुव्याचे गवई नेमकं हेच गळ्यात करतात, तोंडाचा आणि जिभेचा आकार बदलून एकाच आवाजातले लपलेले सूर एकेक करून मोठे करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं, कारण जे मला तानपुऱ्यात महिनोन् महिने ऐकू येत नव्हतं ते इथे एक माणूस टोकाला घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य मांडीवर घेऊन उघडं करून दाखवत होता. शब्द काय होते, घोड्याचे की डोंगराचे, मी शोधलं नाही. शोधावंसं वाटलंही नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, कुवेतला. आमची हॉस्पिटलची बस पहाटे निघते आणि ड्रायव्हर लेबनानी आहेत, वयस्कर. ते रोज सकाळी फक्त त्यांच्याकडची गायिका फैरूझ लावतात. तिकडे बऱ्याच घरांत आणि टॅक्सीत सकाळ म्हणजे फैरूझच, रेडिओवर पण तीच, जशी आपल्याकडे पूर्वी भूपाळी आणि भक्तिसंगीत असायचं. पहिल्या हिवाळ्यात मला घरची इतकी आठवण यायची की बसमधे मी तोंड खिडकीकडे करून बसायचे आणि ते गाणं चालू असायचं. अरबी मला तेव्हा फक्त कामापुरती, दुखतंय का, श्वास घ्या, इतकीच. पण त्या आवाजानं रोज मला वॉर्डापर्यंत नीट पोचवलं.

एकदा चाचांनी सांगितलं की लेबनानमधे १५ वर्षं यादवी चालू होती, १९७५ ते १९९०, फैरूझनी देश सोडला नाही आणि त्या काळात तिथल्या कुठल्याच बाजूसाठी गायल्या नाहीत. लढाई संपल्यावर १९९४ मधे बैरुतमधे मोठा कार्यक्रम झाला. चाचा हे सांगताना गाडी चालवत होते, आवाज अगदी नेहमीसारखा. त्यानंतर मी ती गाणी ऐकते ती वेगळीच.

आणि संध्याकाळी इजिप्तच्या गायिका उम्म कुलथूम. एक गाणं तासभर सुद्धा चालतं! एकच ओळ घेऊन पुन्हा पुन्हा वेगळी म्हणतात आणि समोरचे लोक मधेच ओरडून दाद देतात. आपली ठुमरी ऐकणाऱ्यांनी जरूर ऐका, काही परकं वाटणार नाही.

चिंचबन

जवारी तार यांच्याशी सहमत. अर्थ शोधू नका असंच माझं मत आहे. आपण ख्याल ऐकतो तेव्हा तरी बंदिशीचे शब्द कुठे धरून बसतो, अर्धे ब्रजमधले, अर्धे गवयानं तानेत विरघळवलेले. तराण्यात तर शब्दांचा प्रश्नच नाही. पंडित भीमसेनजींनी 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' गायलं तेव्हा महाराष्ट्रातल्या किती जणांना कन्नड येत होतं? सगळा हॉल डोलायचा. आपला कान तयार आहे, त्याला सबटायटल देऊन आळशी करू नये.

कोंढवा कट्टा

चिंचबन, मान्य अर्धं. शब्दांचा अर्थ नाही शोधला तरी चालेल पण गाण्यामागे काय घडलंय ते कळलं तर काही गाणी दुप्पट होतात, खारा वारा आणि रात्रपाळी दोघींचं तेच झालं. माझंही.

पुण्यात शिकायला इराणी मुलं पूर्वी खूप यायची, आमच्या बिल्डिंगमधे वरच्या मजल्यावर तिघे होते. शिराझचा एक आर्किटेक्चरला होता, तो रात्री ड्रॉइंग करताना मोहम्मद रझा शजरियान लावायचा. मी आधी जिन्यात थांबून ऐकायचो, मग त्यानं आत बोलावलं, काळा चहा दिला, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा असतो हे शिकवलं. शजरियान एखादा स्वर घेऊन त्यावर गळा भराभर तोडतात, पक्ष्यासारखा, त्याला तहरीर म्हणतात, आपल्या तानेपेक्षा वेगळं, पण कष्ट तेच आहेत हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मित्र कधी फारसी कवी हाफिजच्या ओळी समजावून सांगायला बघायचा आणि मधेच थांबायचा, म्हणायचा ऐक नुसतं.

तो शिकून परत गेला. २००९ च्या आंदोलनाच्या वेळी शजरियान लोकांच्या बाजूनं उभे राहिले, सरकारी रेडिओ-टीव्हीला सांगितलं की माझी गाणी लावू नका, मग त्यांना देशात कार्यक्रम करणं अवघड झालं. ८ ऑक्टोबर २०२० ला ते गेले. कोविडचे दिवस. त्या रात्री मित्रानं मला व्हिडिओ पाठवला, तेहरानमधे हॉस्पिटलच्या बाहेर लोक जमलेत, तोंडाला मास्क, आणि सगळे मिळून त्यांचं 'मुर्ग-ए-सहर' गातायत. हे ते मैफिलीच्या शेवटी लोकांच्या आग्रहानं गायचे. मी कोंढव्यात खोलीत बसून तो व्हिडिओ बघितला आणि मला वाटलं आपल्या घरातलं कुणीतरी गेलं. फारसीतलं मला आजही धड वाक्य येत नाही.

वाळवंटी

तिनारिवेन!! कुणीच कसं लिहिलं नाही. मी जैसलमेरकडे सोलर साइटवर होतो, संध्याकाळी करण्यासारखं काही नसायचं. सहाराच्या तुआरेग लोकांचा बँड, भाषा तमाशेक. इब्राहिम अग अलहबीब त्यांचा मुख्य माणूस, त्याच्या वडिलांना १९६३ च्या बंडात लहानपणी त्याच्यासमोर मारलं, मग निर्वासित, आणि पहिली गिटार त्यानं स्वतः केली, तेलाचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची वायर. सुरुवातीला अल्बम वगैरे काही नव्हतं, कोरी कॅसेट घेऊन कुणी आलं तर हे लोक फुकट भरून द्यायचे आणि त्या कॅसेट हातोहात वाळवंटभर फिरायच्या. २०१२ ला ग्रॅमी मिळालं. टाळ्या, गिटार आणि सगळ्यांनी मिळून धरलेली ओळ. आमच्या साइटवरचे राजस्थानी कामगार पण मान हलवत ऐकायचे आणि त्यांनी मला मग तिकडच्या मांगणियार लोकगवयांचं कमायचा हे तंतुवाद्य ऐकवलं. तो एक वेगळा धागा होईल.

फोंड्याची पोर

आमच्याकडे गोव्यात फादो, म्हणजे पोर्तुगालची ती उदास गाणी, अजून गातात. घरात पोर्तुगीज कुणालाच येत नाही, आमचं घर कोंकणी-मराठी, पण शेजारच्या म्हाताऱ्या बाई अमालिया रॉड्रिग्जची रेकॉर्ड लावायच्या आणि लावली की कुणी बोलायचं नाही असा नियम. पुढे मी पणजीला फादो प्रत्यक्ष ऐकला, दिवे मंद केलेले, १२ तारांची ती गोल पोटाची गिटार, आणि लोक खरंच श्वास धरून बसतात. अमालिया १९९९ ला गेल्या तेव्हा पोर्तुगालनं तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला होता. गाणाऱ्या बाईसाठी देशाचा झेंडा खाली येतो, मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. शेजारच्या बाई आता नाहीत, रेकॉर्ड कुठे गेली कोण जाणे.

पाटी-खडू

फोंड्याच्या ताई, तुमच्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. १९७७ ला नासानं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात जगभरातलं निवडक २७ तुकड्यांचं संगीत आहे आणि त्यात केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहां हो'. यानं ऑगस्ट-सप्टेंबरमधे निघाली आणि १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, नांदेडकडे, सूर्यमालेचा धडा आला की ती भैरवी वर्गात लावतो. मग त्याच तबकडीवरचं जॉर्जियाचं 'चाक्रुलो' लावतो, पुरुषांचं गाणं आहे, मेजवानीला बसल्यावर गायचं, खाली सगळे मिळून एक सूर धरून ठेवतात आणि वर दोघं जण झुंजल्यासारखे गातात. दर वर्षी शेवटच्या बाकावरचं कुणीतरी म्हणतं, सर परत लावा. ज्याला पाढे म्हणायला लावले तर तोंड उघडत नाही असा एक मुलगा खालचा सूर नीट धरून गुणगुणत होता, मी वर्गाला गप्प केलं नाही, हळूहळू चार-पाच जण लागले. ती तबकडी ज्या कुणाच्या हाती लागेल त्याला आपल्या कुठल्याच भाषेतलं काही कळणार नाही, आणि तरी माणसांनी त्यात गाणं भरलं. मला हे मनापासून पटतं.

जवारी तार

सर, किती छान. सुराचा पाया धरायला शिकवलात की तुम्ही.

ऊसवाला दादा, तुमच्यासाठी एक. अली फार्का आणि तुमानी जाबाते यांचा २००५ चा 'इन द हार्ट ऑफ द मून' मिळवा. तुमानींचं वाद्य कोरा, भोपळ्याचं, २१ तारांचं. बामाको शहरातल्या हॉटेलात बसून दोघांनी तालमीशिवाय वाजवलंय, एकानं वाट धरायची आणि दुसऱ्यानं तिच्या बाजूनं पाणी खेळवायचं. गाणं असं फार नाहीच, बरचसं वाजवणंच आहे. रात्रीच्या पाळीला लावा आणि कसं वाटलं ते इथे लिहा.

ऊसवाला

मिळालं, भाच्यानं पाठवलं. सोमवारपासनं रात्रीची लाईट आहे, कळवतो.