सोमरटन बीचवरचा माणूस: नाव मिळालं, पण मेला कसा?

गिरगावचा_निखिल
नमस्कार मंडळी. लोकलमध्ये येताजाता जुन्या न सुटलेल्या केसेस वाचत असतो, त्यातली ही एक डोक्यातून जातच नाहीये. ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड, १ डिसेंबर १९४८, सकाळी साडेसहाच्या सुमारास सोमरटन बीचवर भिंतीला डोकं टेकून एक माणूस मेलेला सापडला. सूट, टाय, चकाचक पॉलिश केलेले बूट, कॉलरवर अर्धवट ओढलेली सिगारेट, अंगावर मारहाणीची खूण नाही. खिशात ट्रेनचं न वापरलेलं तिकीट, बसचं तिकीट, कंगवा, च्युइंगगम, काडेपेटी असलं किरकोळ सामान, पैशाचं पाकीट नाही, कसलं ओळखपत्र नाही, आणि कपड्यांची लेबलं काढून टाकलेली.

मग काही महिन्यांनी पँटच्या चोरखिशात गुंडाळलेला कागदाचा कपटा मिळतो, त्यावर छापलंय 'तमाम शुद', म्हणजे संपलं. उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून फाडलेला (आपल्याकडे माधव ज्युलियननी मराठीत आणल्या त्याच रुबाया). ते पुस्तकही जवळच ग्लेनेल्गला कुणाच्या तरी गाडीत टाकलेलं सापडलं, त्याच्या मागच्या बाजूला कुणालाच अर्थ न लागलेली अक्षरं आणि एका नर्सचा फोन नंबर, जी बीचपासून चालत जायच्या अंतरावर राहायची. ती म्हणाली मी ह्याला ओळखत नाही.

२०२२ मध्ये ॲडलेड विद्यापीठाचे प्रा. डेरेक ॲबट यांनी डीएनएवरून नाव जाहीर केलं, कार्ल वेब. आता तुम्हाला काय वाटतं, हेर होता? खून झाला? आणि सत्तरहून जास्त वर्षं कुणीच त्याला शोधलं कसं नाही?

परळची_रेश्मा
हेरगिरीची थिअरी मला कधीच पटली नाही. ती आली कारण काळ कोल्ड वॉरचा आणि त्याच राज्यात वूमेराला रॉकेटच्या चाचण्यांचं ठाणं उभं राहत होतं, बाकी पुरावा शून्य. नर्सने युद्धाच्या काळात सिडनीत एका लष्करी अधिकाऱ्याला ह्याच रुबाया भेट दिल्या होत्या, पोलिसांना वाटलं हाच तो मेलेला, तर तो अधिकारी जिवंत निघाला आणि त्याच्याकडचं पुस्तक शेवटच्या पानासकट शाबूत!!

वेब कोण होता तर १९०५ साली मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात जन्मलेला, इलेक्ट्रिकल उपकरणं बनवणारा कारागीर. ॲडलेड स्टेशनच्या क्लोकरूममध्ये जानेवारी १९४९ ला त्याची बॅग सापडली, त्यातल्या टायवर 'टी. कीन' असं नाव होतं आणि पोलीस तेव्हा कीन नावाचा माणूस शोधत बसले. आता कळतंय की वेबच्या बहिणीचा नवरा कीन होता. म्हणजे मेव्हण्याचे जुने कपडे असणार, आपल्या घरात नाही का मोठ्याचा शर्ट धाकट्याला जात. त्या अक्षरांबद्दलही ॲबट म्हणतात की माणूस घोड्यांवर पैसे लावायचा, घोड्यांच्या नावांची आद्याक्षरंसुद्धा असू शकतील.

सातरस्ता_संजय
कपड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो, माझे सासरे महालक्ष्मीच्या धोबीघाटावर आयुष्यभर होते. धोबी प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली नाहीतर नेफ्याजवळ, न जाणाऱ्या शाईने खूण करतो, ढिगातून कपडा बरोबर त्याच घरी जावा म्हणून. लेबल काढलं तरी ती खूण राहते, आणि कुठली खूण कुठल्या धोब्याची हे धंद्यातला माणूसच सांगू शकतो, तेव्हा पोलीस आधी त्यांच्याकडेच यायचे. ह्या केसमध्येही बॅगेतल्या कपड्यांवर लाँड्रीचे असे नंबर होते, ११७१/७, ४३९३/७ आणि ३०५३/७. त्यावरून काही लागलं नाही. मला हे सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते नंबर घालणारा कोणीतरी तेव्हा जिवंत असणार, त्या लाँड्रीचं रजिस्टर असणार, फक्त पोलिसांचा माणूस त्या दारात पोचला नाही.

गिरगावचा_निखिल
संजयदादा भारी माहिती, हे कुठेच वाचलं नव्हतं. पण मग विष दिलं म्हणतात त्याचं काय?

डॉ_मुलुंडकर
पोस्टमॉर्टेममध्ये प्लीहा नेहमीच्या तिप्पट सुजलेली होती, जठरात रक्त होतं, हृदय मात्र ठणठणीत. डॉक्टरांना विषाचाच संशय होता पण तपासणीत एकही विष सापडलं नाही. नंतर एका तज्ज्ञाने कोरोनरला (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) डिजिटालिससारखी हृदयावर काम करणारी औषधं सुचवली, जी शरीरात त्या काळच्या चाचण्यांना सापडणं कठीण होतं. मे २०२१ मध्ये पोलिसांनी सांगाडा उकरून काढला, पण नाव आलं ते वेगळ्याच वाटेने, १९४९ मध्ये चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला होता त्यात अडकलेल्या केसांवरून. ॲबट यांनी जाहीर केलं तेव्हा पोलिसांनी त्यावर शिक्का मारला नव्हता हेही लक्षात ठेवा.

कुर्ल्याची_वैशाली
"कुणीच शोधलं कसं नाही" ह्यावर लिहिते. माझे बाबा लोहमार्ग पोलिसात हवालदार होते. मुंबईच्या रुळांवर, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर, दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात आणि त्यातल्या कित्येकांची ओळख पटत नाही. एडीआर म्हणजे अपमृत्यूची नोंद करायची (तेव्हा कलम १७४, आता नव्या कायद्यात कलम १९४), पंचनामा, फोटो, गोंदण, टेलरचं लेबल, मग सगळ्या ठाण्यांना मेसेज, शवागारात वाट बघायची आणि कोणीच आलं नाही की बेवारस म्हणून अंत्यविधी. बाबा सांगायचे की मिसिंगची तक्रार असते ती भलत्याच जिल्ह्यात, परराज्यात, नाहीतर नसतेच, कारण घरच्यांना वाटतं तो मुंबईत कामाला आहे, रागावलाय, येईल. त्यामागे कट वगैरे काही नसतो हो.

वेबचं तेच झालं. तो १९४७ मध्ये बायकोपासून वेगळा झाला आणि १९५१ मध्ये तिने, नवरा सोडून गेला म्हणून, घटस्फोटाचा अर्ज केला. तेव्हा त्याला पुरून दोन वर्षं होऊन गेली होती, आणि ती एका मेलेल्या माणसापासून घटस्फोट मागत होती, तिला पत्ताच नाही!! त्या अर्जात तिने लिहिलंय की तो एकलकोंडा होता, मित्र जवळपास नाहीत, कविता करायचा आणि बहुतेक कविता मृत्यूवर. निखिल, हेराच्या गोष्टी वाचण्याआधी तो अर्ज वाच. मला तरी हा खून वाटत नाही. आणि त्या नर्सच्या नंबराचं उत्तर कोणाकडे असेल तर प्लीज लिहा, मला अजून तेवढंच सुटत नाहीये.