खिडकीचे ग्रिल उघडणारे असावे की भिंतीत पक्के गाडलेले?

धागा मांडणारा, टिळकवाडी

अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्या शेजारच्या बंगल्यात चोरी झाली. घरातील सगळी मंडळी विसर्जनाची मिरवणूक पाहायला गेली होती, आणि बेळगावची मिरवणूक उजाडल्याशिवाय आटोपत नाही हे चोरालाही ठाऊक असते. दर्शनी बाजूच्या सर्व खिडक्यांना जाड ग्रिल होते, त्यामुळे चोराने तिकडे पाहिलेच नाही. मागे न्हाणीघराला तिरप्या काचपट्ट्यांची खिडकी होती. तिच्या सहा पट्ट्या त्याने बाहेरून एकेक करून ओढून काढल्या आणि कुंपणाच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या. सकाळी मी त्या पाहिल्या तेव्हा एकीलाही तडा गेलेला नव्हता.

आता शेजाऱ्यांनी झाडून सगळ्या खिडक्यांना पक्के ग्रिल बसवायचे ठरवले आहे आणि मला मत विचारले आहे. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि जिना येथे ते जरूर बसवावे. परंतु झोपण्याच्या प्रत्येक खोलीतील निदान एका खिडकीचे ग्रिल बिजागरीवर उघडणारे व आतून कुलूप लागणारे असावे, असे मला वाटते. रात्री स्वयंपाकघरात गॅसने पेट घेतला किंवा बैठकीच्या खोलीतील वायरिंग जळाले, तर धूर लगेच जिन्यात आणि खोल्यांमधल्या बोळात भरतो, म्हणजे मुख्य दाराकडे जाणारी वाटच आधी बंद होते. अशा वेळी खिडकीशी उभे राहून हाका मारण्यापलीकडे माणसाच्या हाती काही उरत नाही.

शहापूरचा एक रहिवासी

मी या मताशी पूर्णपणे असहमत आहे. उघडणारे ग्रिल म्हणजे खिडकीच्या जागी बसवलेला आणखी एक दरवाजाच, आणि तोही असा की ज्याच्याकडे घरातील कोणी वर्षभर ढुंकून पाहत नाही. आमच्या घरी हा प्रयोग करून झाला आहे. वडिलांनी माडीवरच्या खोलीला हौसेने उघडणारे ग्रिल करून घेतले होते. आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गेलो असताना चोराने कुलपाला हातही लावला नाही. बाहेरच्या बाजूस असलेल्या बिजागऱ्यांच्या पिना ठोकून वर काढल्या आणि ग्रिल कुलपासकट उलट्या बाजूने उघडले. आईचे गंठण आणि चार पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली आणि खाली सही करण्यापूर्वी ती वाचून घ्यायला शेजारच्या मुलाला बोलवावे लागले, ते निराळेच.

शिवाय चावी कोठे ठेवणार? खिडकीजवळ ठेवावी तर चोर काठीला आकडा लावून ती ओढून घेतो. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्यांच्या खुंटीवरच्या पँटी अशाच जातात. कपाटात ठेवावी तर धुरात ती कोणाला सापडणार? माझे वडील आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. माडीवरच्या खिडकीतून ते उडी मारतील, अशी मूळ लेखकांची अपेक्षा आहे काय?

फॅब्रिकेशनचे काम करणारा, उद्यमबाग

दोन्ही बाजू ग्रिलच्या प्रकारावर भांडत आहेत, पण मी जी तुटलेली ग्रिले दुरुस्तीला पाहतो त्यांत दोष बहुतेक वेळा बसवण्यात किंवा मालात असतो. शहापूरच्या मित्रांच्या घरी बिजागरी बाहेर ठेवणाऱ्या कारागिराची चूक झाली. बिजागरी आतून घ्यावी, आणि ते शक्य नसेल तर पिनेचे डोके वेल्डिंग करून बंद करावे. पाच मिनिटांचे काम आहे. कुलपाच्या भोवती पत्र्याची पेटी वेल्ड केली की बाहेरून हात वा कटर पोहोचत नाही.

पक्क्या ग्रिलचेही तेच. पुष्कळ ठिकाणी चौकटीला बाहेरून चार स्क्रू मारून ग्रिल लावतात. ते काढायला चोराला एक पेचकस पुरतो. ग्रिलला वेल्ड केलेल्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, भिंतीत खोलवर घालून सिमेंटने भरले पाहिजेत.

मालाबद्दल सांगायचे तर ग्रिलचा हिशेब किलोवर होतो, म्हणून भाव पाडून मागितला की कारागीर गज बारीक करतो किंवा पोकळ पाइप वापरतो. दहा मिलिमीटरच्या चौकोनी भरीव गजाचे वजन मीटरला पाऊण किलोहून थोडे जास्त, तर बारा मिलिमीटरच्या गजाचे साधारण एक किलो १३० ग्रॅम भरते. लोखंड दीडपटीहून कमीच वाढते, पण गजाचा ताठपणा दुप्पट होतो. त्याहून मोठा फरक आडव्या पट्टीने पडतो. उभ्या गजांना मधोमध एक पट्टी वेल्ड केली, की आधाराविना राहणारी लांबी निम्मी होते आणि तो वाकवणे सुमारे आठपट अवघड जाते. दोन गजांमधील फट चार इंचांहून अधिक ठेवू नये.

निपाणीच्या एक वाचक

आमचा जुना वाडा आहे आणि खिडक्यांना सागवानी चौकटीत बसवलेले उभे लोखंडी गज आहेत. गजांच्या मधे गाडीचा जॅक लावून ते फाकवता येतात, हे मला घरी तसे घडल्यावरच समजले. माणूस आत येईल एवढी जागा झाली, पण बाजूची चौकट तडकून आवाज झाला आणि सासूबाई जाग्या झाल्या. वरच्या भाऊंनी सांगितलेली आडवी पट्टी आम्ही त्यानंतर आतून मारून घेतली. चौकटीला धक्का लागला नाही आणि वाड्याचे रूपही बिघडले नाही.

मूळ प्रश्नावर मी टिळकवाडीच्या बाजूने आहे. घरात आम्ही दोघीच असतो आणि मला चोरापेक्षा रात्री बाहेर पडता न येण्याची भीती अधिक वाटते. चावी मी खिडकीपासून हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, पलंगाच्या डोक्याशी खिळ्याला टांगते, आणि दर अमावास्येला देव घासायला काढते त्या दिवशी ते कुलूपही एकदा उघडून पाहते.

नोकरीनिमित्त पुण्यात, मूळचा अनगोळचा

आता टफन काच मिळते. ग्रिल लावून घराचा तुरुंग का करावा?

फॅब्रिकेशनचे काम करणारा, उद्यमबाग

टफन काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते हे खरे, पण टोकदार वस्तूचा नेमका घाव बसला की तिचे एकदम बारीक दाणे होऊन खाली सांडतात आणि खिडकी पूर्ण मोकळी होते. चोराला अडवण्यासाठी दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच लागते. ती तडकते, पण जागेवर धरून राहते. आणि सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीत कोणतीही काच घातली तरी झडप वर उचलून रुळातून बाहेर निघत असेल तर उपयोग नाही. वरच्या रुळात अटकाव करणारा स्क्रू आणि खालच्या रुळात मापाने कापलेली काठी एवढे तरी करावे.

चिकोडीचे निवृत्त वकील

राहत्या घरातील चोरीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ अन्वये सात वर्षांपर्यंत कारावास आहे; पूर्वीच्या दंड संहितेतील ३८० व्या कलमातही तेवढाच होता. सबब कायद्याच्या धाकावर विसंबून खिडकी उघडी ठेवू नये. मी गावाला जाताना ठाण्यात कळवतो आणि वर्तमानपत्र बंद करतो, कारण दारात साचलेले चार अंक चोराला घर रिकामे असल्याचे सांगतात.

खानापूर तालुका, जांबोटीजवळ

आमच्याकडे चोराआधी माकडे येतात, त्यामुळे ग्रिल असावे की नसावे ही चर्चाच होत नाही. मात्र इकडच्या पावसात उघडणाऱ्या ग्रिलची बिजागरी दोन-तीन पावसाळ्यांत गंजून धरते. नुसता ऑइलपेंट मारून भागत नाही. वेल्डिंगचे सांधे घासून, रेड ऑक्साईडचे दोन हात देऊन मगच रंग द्यावा. गंजून जाम झालेले उघडणारे ग्रिल आणि पक्के ग्रिल यांत फरक तो काय?

धागा मांडणारा, टिळकवाडी

जांबोटीच्या मित्रांचा मुद्दा मला सर्वांत अधिक बोचला, कारण माझ्याच घरचे कुलूप आज संध्याकाळी उघडून पाहिले तेव्हा ते खोबरेल तेल सोडल्यावर तिसऱ्या खेपेस उघडले. शहापूरकरांच्या वडिलांविषयीचे म्हणणेही मान्य. माडीवर राहणाऱ्या वृद्धांची झोपण्याची खोली खाली आणणे हाच त्यावर उपाय दिसतो. परंतु पिन बाहेर राहिली म्हणून उघडणारी ग्रिलेच नकोत, हे काही पटत नाही.

शहापूरचा एक रहिवासी

वडील खाली झोपायला तयार नाहीत. माडीवर वारा चांगला लागतो म्हणतात. माझ्या घरी उघडणारे ग्रिल पुन्हा येणार नाही. मात्र आमच्याही न्हाणीघराला त्याच काचपट्ट्या आहेत. मघाशी बाहेर जाऊन एक ओढून पाहिली, ती सहज हातात आली. उद्या सकाळी कारागिराला माप घ्यायला बोलावले आहे.