‘इन’ लागला की नकारच होतो का?

फोंडेकर: काल इथं एकांनी लिहिलं की इंग्रजीला शेंडाबुडखा नाही, इन लावला की नकार होतो तर मग इनफ्लेमेबल म्हणजे पेटणारं कसं न् इनव्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान कसं, संस्कृतात असला घोळ नाही. वाचून डोकं फिरलं. अहो, लॅटिनमधून इन दोन आलेत. एक नकाराचा, आपल्या अ-अन् चा सख्खा भाऊ. दुसरा ‘आत, वर’वाला, इन्फ्लामारे म्हणजे पेटवणं, त्यातनं इनफ्लेमेबल. इनव्हॅल्युएबलमध्ये मात्र नकारच आहे, किंमत करता येत नाही असं. अमूल्य म्हणताना आपण फुकटचं म्हणतो का?

मुरगावकर: पुस्तकात ठीक हो. माझा मामा बंदरात होता. नवीन पोरगा इनफ्लेमेबल लिहिलेल्या ड्रमला टेकून बिडी पेटवत होता, मामानं काडी हातातनं हिसकावली. तेव्हा लॅटिन कोण बघतो? अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं १९२० च्या दशकातच, ‘न पेटणारं’ असा गैरसमज नको म्हणून, इनफ्लेमेबल सोडून फ्लेमेबल वापरा म्हणून सांगितलं ते उगीच नाही.

डिचोलीकर: माझे आजोबा पणजीच्या लिसेवमधले, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलातले, पोर्तुगीजमध्येही इन्फ्लामाव्हेलच, त्यांना कधी अडलं नाही. तेव्हाचं शिक्षण पक्कं होतं.

मडगावची: झालं सुरू पोर्तुगीज कौतुक! लिसेव किती जणांच्या नशिबी होतं? आमची आजी देवळाच्या मंडपात मराठी शिकली. तीच मराठी आता कुठंय? २०११ त गोवा सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, आमच्या वाड्यावरची मराठी शाळा पोरं नाहीत म्हणून बंद पडली. आता माझा भाचा इम, इल, इर घोकत बसतो.

डिचोलीकर: कौतुक नाही केलं, आजोबांबद्दल सांगितलं. घरच्या माणसावर का घसरता? आणि पोरं इंग्रजीत घातली ती आईबापांनी, सरकारनं हात धरून नाही नेली.

मडगावची: पैसा तिकडं वळवला की आईबाप तिकडंच जाणार!

फोंडेकर: भांडा, पण घोकायचं कशाला ते ऐका. प पुढं आला की न चा म, म्हणून इम्पॉसिबल. ल पुढं आला की ल, इल्लीगल. र पुढं आला की र, इर्रेग्युलर. तत् अधिक लीन तल्लीन होतं, तसाच प्रकार. व्याकरणातला संधी ठाऊक असलेल्या पोराला एका दुपारीत समजेल.

मडगावची: आणि संधी शिकवणार कोण? तेच तर सांगतेय मघापासून!

मुरगावकर: बरं, इन दोन आहेत, धरून चला. ड्रमवर मात्र फ्लेमेबलच लिहा, आणि खाली मराठी-कोंकणीत ‘पेट घेतं’ असं मोठ्या अक्षरात.