खर्च महिन्याला आठ हजार, प्रवासाचं क्रेडिट कार्ड चालू करू का?

कृष्णाकाठची
सांगलीत राहते. यजमान शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो, तर तिथल्या मुलाने "काकू, मुलाकडे जाता ना, मग हे घ्याच" म्हणत माझीच सही घेतली. कार्ड पोस्टाने आलं. पाकीट फोडलेलं नाही, देव्हाऱ्याखालच्या खणात एलआयसीच्या पावत्यांवर पडून आहे. फी वर्षाला 3,000 अधिक जीएसटी, हे घरी येऊन फॉर्मच्या झेरॉक्सवर चष्मा लावून वाचलं.

आमचा प्रवास म्हणजे वर्षातून दोनदा बेंगळुरू, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने, थ्री एसी. मध्ये एखादी पंढरपूरची वारी, ती एसटीने, माझं अर्धं तिकीट. कार्डावर जाईल असा खर्च महिन्याला आठ हजार: किराणा, ह्यांची बीपीची औषधं, मोबाइल, वीजबिल. दूध, भाजी, कामवाल्या मावशी रोखीत. कार्डावर खर्च केला की पॉइंट जमतात, त्यांवर फुकट विमान मिळेल म्हणतो तो बँकेतला मुलगा. खरं का?

मिरज जंक्शन
काकू, आठ हजार गुणिले बारा, 96,000. समजा शंभराला 2 पॉइंट आणि पॉइंटला 25 पैसे. वर्षाचे 1,920 पॉइंट, म्हणजे 480 रुपये. फी 18 टक्के जीएसटी धरून 3,540. म्हणजे तुम्हीच बँकेला विमानात बसवताय. शिवाय वीजबिल, विमा, पेट्रोल यांवर बरीच कार्डं पॉइंट देतच नाहीत.

विमानतळावरच्या लाउंजचं, म्हणजे खास बसायच्या-खायच्या खोलीचं, आमिष दाखवलंच असेल. सांगलीतून आधी कोल्हापूर नाहीतर पुणे गाठायचं, मग तिथला फुकट उपमा खायचा. त्यातही आता अनेक बँका आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच आत सोडतात.

पोवई नाका
मी साताऱ्याचा. असलंच कार्ड तीन वर्षं बाळगलं. "अजून चार हजार खर्च करा, बोनस पॉइंट मिळवा" असा मेसेज आला म्हणून मिक्सर घेतला. घरात आधीचे दोन होते. बायको अजून बोलते. शेवटी पॉइंट वापरायला गेलो तर निम्मे मुदत संपून गेलेले, उरलेल्यांवर वापरायची फी 99 अधिक जीएसटी, आणि बँकेच्या पोर्टलवर तेच तिकीट विमान कंपनीपेक्षा चारशेने महाग. त्यात एकदा बिल भरायला चार दिवस उशीर झाला, तेव्हाच्या दंड-व्याजात वर्षाचे पॉइंट धुऊन निघाले.

तुम्ही रेल्वेने जाता, तर विचार करायचाच झाला तर रेल्वेच्या को-ब्रँडेड, म्हणजे बँकेने रेल्वेसोबत काढलेल्या, कार्डाचा करा, त्याची फी बरीच कमी असते. तेही गणित करून. आयआरसीटीसीवर एसी तिकिटाला सुविधा शुल्क कार्डाने 30, यूपीआयने 20, दोन्हीवर जीएसटी वेगळा.

निवृत्त लेजर
पाकीट फोडलं नाही हे उत्तम केलंत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्ड 30 दिवसांत चालू केलं नाही, तर बँकेला ओटीपी घेऊन तुमची संमती विचारावी लागते. ती दिली नाही की सात कामाच्या दिवसांत एक पैसा न घेता खातं बंद करायचं. चालू कार्डही थकबाकी नसेल तर विनंतीपासून सात कामाच्या दिवसांत बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कार्ड हवंच असेल तर आजीवन मोफत मागा, आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरा. 'किमान रक्कम' भरत राहिलात तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. काल ओटीपीचा मेसेज आला, त्यापाठोपाठ त्याच मुलाचा फोन: "काकू, नंबर सांगा ना पटकन." मी म्हटलं, कुकरची शिट्टी होतीय, ऐकू येत नाही. आज अर्ज देऊन पोच घेतली, शिक्का जरा पुसट आहे पण तारीख दिसते. फेब्रुवारीची राणी चन्नम्माची दोन तिकिटं ह्यांनी यूपीआयनेच काढली, लोअर आणि मिडल.

पोवई नाकावाले दादा, तो तिसरा मिक्सर विकायचा असेल तर कळवा. आमच्या भांड्याचा वायसर गेलाय.