विश्वास उरला नाही, चर्च सुटत नाही, आणि आता भाच्याचा गॉडफादर व्हायचंय

बेसूर_कीबोर्डवाला:
वसईचा कॅथलिक आहे, पस्तिशी उलटलीय. गावाचं नाव सांगत नाही, आमच्या पट्ट्यात दोन खुणा दिल्या की तिसऱ्या मिनिटाला आईला फोन जातो. तर, माझा विश्वास गेलाय. कोणी काही वाईट वागलं म्हणून नाही, आमचे फादर तर फारच सज्जन माणूस, लहानपणापासून चांगलेच अनुभव आहेत. हळूहळू गेला. प्रार्थना करताना आपण स्वतःशीच बोलतोय असं वाटायला लागलं, मग पुनरुत्थान वगैरे खरंच घडलं असेल का हा प्रश्न पडला आणि एक दिवस लक्षात आलं की उत्तर मला आधीच माहितीय. तरी मी दर रविवारी मिस्साला जातो, क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवतो, नाताळचा गोठा आमचीच गँग करते, गावात कोणी वारलं की आधी आम्ही पोरं पोचतो. हे सगळं मला मनापासून आवडतं, नाटक म्हणून करत नाही. कम्युनियनच्या (पवित्र भाकर घ्यायच्या) वेळी मी कीबोर्डवर असतो त्यामुळे रांगेत गेलो की नाही हे कोणी बघत नाही, तेवढी सुटका आहे.

आता धाकट्या बहिणीला मुलगा झालाय आणि ती म्हणते दादा तूच गॉडफादर, म्हणजे बाळाला विश्वासात वाढवायची हमी घेणारा धर्मपिता. बाप्तिस्म्यात फादर आईवडिलांना आणि गॉडपॅरेंटना समोर उभं करून विचारतात, सैतानाला नकार देता का, देवावर, ख्रिस्तावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, आणि आपण मोठ्याने 'हो' म्हणायचं. तिथे मी अडकलोय. सगळ्या गोष्टींत राहिलो पण हे एक वाक्य तोंडातून निघेल असं वाटत नाही. काय करू? (मदर तेरेसांना पण शंका होत्या हे प्लीज कोणी सांगू नका, त्यांची पत्रं २००७ ला बाहेर आली तेव्हापासून प्रत्येक रिट्रीटमध्ये ऐकतोय. त्यांना देव जाणवत नव्हता आणि त्याचा त्रास होत होता, मला त्रासच होत नाही, हा फरक आहे.)

तर्कट:
सरळ सोड ना. विश्वास नाही तर रजिस्टरमधून नाव काढून घे, मोकळा हो. दोन्हीकडे पाय ठेवून जगणाऱ्या लोकांमुळेच ही दुकानं चालतात. लग्न व्हायचं असेल तर स्पेशल मॅरेज ॲक्ट आहे १९५४ पासून, चर्चची गरज काय?

संडेस्कूलवाली_ताई:
@तर्कट, रजिस्टरमधून नाव काढून घे म्हणजे रेशनकार्ड नाहीये ते. कॅथलिक चर्चच्या हिशोबाने एकदा बाप्तिस्मा झाला की तो पुसता येत नाही. चर्चच्या स्वतःच्या १९८३ च्या कायद्यात लग्नाच्या कलमांमध्ये 'औपचारिकपणे चर्च सोडलेला' असा एक उल्लेख होता, २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तोही काढून टाकला. म्हणजे यायचं बंद करता येतं, पण चर्चच्या दृष्टीने तुम्ही कॅथलिकच.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं मुलांना कॅटेकिझम शिकवतेय, कीबोर्डवाल्या भावा, तू पहिला नाहीस. गॉडपॅरेंटसाठी नियम असा की साधारण सोळा पूर्ण, कन्फर्मेशन (बाप्तिस्म्यानंतरचा दृढीकरणाचा संस्कार) झालेलं, आणि विश्वासाला धरून जगणारा कॅथलिक. कागदावर तू बसतोस, शेवटच्या अटीत नाही. पण बहुतेकांना माहीत नसतं ते हे की दोन गॉडपॅरेंट लागतातच असं नाही, एक पुरतो. गॉडमदर कोणी ठरली असेल तर तू नाही म्हटलंस म्हणून बाप्तिस्मा अडत नाही. आणि एक विचारू का, रागावू नकोस. ईस्टरला आपण सगळे मेणबत्त्या हातात घेऊन हीच उत्तरं मोठ्याने देतो, तेव्हा काय करतोस?

बेसूर_कीबोर्डवाला:
ताई पकडलंत. ईस्टरला गर्दीत ओठ हलवतो. पण तिथे मी पाचशे लोकांतला एक असतो, शिवाय पुढचं गाणं कुठल्या स्केलमध्ये आहे हेच डोक्यात असतं. इथे ते मला विचारणार, आणि ते पोर पुढे मोठं होऊन मला विचारू शकतं की तू माझ्या वतीने काय बोलला होतास.

माळकरी_नास्तिक:
तुमच्यातलं काही कळत नाही पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी सातारा जिल्ह्यातला, गळ्यात तुळशीची माळ आहे, आळंदी ते पंढरपूर जमेल त्या वर्षी चालतो आणि देव मानत नाही. घरी हरिपाठ मीच लावतो. दिंडीत आजवर मला कोणी विचारलं नाही की बाबा तुझा विठ्ठलावर विश्वास आहे का. विचारतात ते जेवला का, पाय सुजले का, उद्या पखवाज कोण घेणार. आणि तुकोबांनी तर 'माझ्या लेखी देव मेला' असं स्वतःच म्हणून ठेवलंय, भले त्यांचा अर्थ वेगळा असेल. त्यामुळे माझं निभावतं.

पण तुमचा प्रश्न वाचून एक डोक्यात आलं. शपथ तर मीही घेतली होती, माळ घालताना महाराजांपुढे. फक्त ती वागण्याची होती, मटण-दारू नाही, एकादशी करायची, वारी चुकवायची नाही. ती पाळायला देव मानावाच लागतो असं नाही त्यामुळे मी ती खरी पाळतोय. तुमच्याकडे थेट मनात काय आहे तेच विचारतात. मी तुमच्या जागी असतो तर चाललो असतो, गायलो असतो, पण ते 'हो' म्हटलं नसतं.

तर्कट:
दोघंही स्वतःला फसवताय. पण असो, ते 'हो' म्हणू नको हे मलाही पटतंय.

म्युनिकची_वसईकरीण:
मी पण आपल्याकडचीच, इथे नर्स आहे. माझी उलटी गंमत ऐका. जर्मनीत चर्चचा टॅक्स पगारातून कापतात, बव्हेरियात इन्कम टॅक्सच्या ८ टक्के, बाकी बहुतेक राज्यांत ९. तो वाचवायचा तर सरकारी ऑफिसात जाऊन 'मी चर्च सोडतोय' असं लेखी द्यायचं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी दिलं, बाई रोज झोपताना रोझरी म्हणते बरं का, फक्त पैसे वाचवायचे होते. मग पुतणीची गॉडमदर व्हायला गेली तर फादर म्हणाले चालणार नाही. इथल्या बिशपांनी २०१२ मध्ये तसा नियमच काढलाय, लेखी सोडलेल्याला गॉडपॅरेंट होता येत नाही, कम्युनियन पण नाही. म्हणजे विश्वास आहे ती कागदावर बाहेर आणि आमच्या वॉर्डमधले निम्मे लोक काही मानत नाहीत पण टॅक्स भरून आत. तुझ्याकडे निदान पैशाचा मामला नाही. बहिणीला आधी सांग, फादरना नंतर. उलटं केलंस तर ती तुला आयुष्यभर ऐकवेल.

जुना_पॅरिशनर:
पोरा, माझं वय सत्तरच्या पुढे. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादर आमच्याकडे पाठ करून उभे, आम्हाला एक अक्षर कळायचं नाही आणि कोणाला शंकाही यायची नाही. मग ती दुसरी व्हॅटिकन परिषद, जगभरच्या बिशपांची, झाली, १९६५ ला संपली, आणि मिस्सा मराठीत आली. सगळे खूश. मला अर्थ कळायला लागला आणि माझी तिथूनच गडबड सुरू झाली, हे मी बायकोला सुद्धा ती गेल्यावर कबरीपाशी सांगितलं.

तरी मी गेलो रोज. फादर दिब्रिटोंनी हरित वसईचं आंदोलन केलं तेव्हा मोर्चात होतो, बिल्डर लोक विहिरी आणि केळीच्या वाड्या गिळायला निघाले होते तेव्हा क्रीड (विश्वासाची कबुली) म्हणता येतं का असं कोणी विचारलं नाही. ते उस्मानाबादला २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मला जो आनंद झाला तो काय अविश्वासू माणसाचा होता? माझी माणसं आहेत ही, मी कुठे जाऊ. मीही दोन पोरांचा गॉडफादर आहे. दोन्ही वेळा 'हो' म्हणालो आणि मला काही झोप उडाली नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की या पोराला मी वाऱ्यावर सोडणार नाही. एकाची बारावीची फी भरली, दुसऱ्याला पोलीस स्टेशनातून सोडवून आणला. त्यांनी कधी विचारलं नाही की काका तुमचा त्रैक्यावर विश्वास आहे का.

संडेस्कूलवाली_ताई:
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे नाही पटलं. तुम्ही पोरांना सांभाळलंत ते उत्तमच, त्यासाठी गॉडफादर व्हावं लागत नाही, मामा असणं पुरतं. फादर विचारतात एक आणि आपण मनात दुसरंच धरून उत्तर द्यायचं, असं मी वर्गातल्या मुलांना शिकवू शकणार नाही. मी स्वतः विश्वास ठेवणारी आहे म्हणून सांगते, मला तोंडदेखल्या 'हो'पेक्षा क्वायरमधला प्रामाणिक 'नाही' जास्त जवळचा वाटतो. राहू दे की त्याला तिथे. कोणी हाकलत नाहीये.

जुना_पॅरिशनर:
बाई, तुमचं बरोबर असेल. माझी पिढी अशीच होती.

बेसूर_कीबोर्डवाला:
सगळ्यांचे आभार, काकांचं वाचून गळा दाटून आला. काल बहिणीशी बोललो. वाटलं होतं रडेल, ती चिडली, आणि चिडली कशावर तर 'हे तू आत्ता सांगतोस, हॉल बुक झालाय, केकवर नाव टाकायला दिलंय.' विश्वासाचं तिला म्हणे कॉलेजपासून माहीत होतं, मी ख्रिसमसच्या नोव्हेनाला मोबाईल बघत बसायचो तेव्हाच. आईला अजून सांगितलं नाही. ती आधीच धास्तावलीय, बाप्तिस्मा लांबला आणि बाळाला काही झालं तर ते लिम्बोत, म्हणजे स्वर्गाबाहेरच कुठेतरी अडकून राहील म्हणते.

संडेस्कूलवाली_ताई:
आईंना सांगा की लिम्बो ही चर्चची सक्तीची शिकवण कधीच नव्हती, आणि २००७ ला व्हॅटिकनच्याच धर्मपंडितांच्या आयोगाने म्हटलंय की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे. माझ्याऐवजी फादरांच्या तोंडून ऐकवा, जास्त लागू पडेल. आणि गॉडमदर एकटी ठेवणार असाल तर पॅरिश ऑफिसमध्ये आत्ताच सांगा. गॉडपॅरेंटचं नाव बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये जातं, एकदा लिहिलं की खोडाखोड करायला ऑफिसवाले फार कटकट करतात. केकचं तुमचं तुम्ही बघा.