मदत हवी आहे: हरिश्चंद्रगडावरची गर्दी आणि माझा प्रोजेक्ट

नमस्कार मंडळी. मी न्यूझीलंडमध्ये शाश्वत साहसी पर्यटन शिकतेय. इथे कौरी नावाच्या झाडांच्या जंगलात शिरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासून त्यावर जंतुनाशक फवारावं लागतं, कारण मातीतून झाडांचा रोग पसरतो. ५३.५ किमीच्या मिलफर्ड ट्रॅकवर हंगामात स्वतंत्रपणे जाणारे रोज फक्त ४० जण सोडतात. हे पाहिलं की हरिश्चंद्रगडाची आठवण येऊन जीव तुटतो.

प्रोजेक्टसाठी तोच गड घेतलाय. पायथ्याच्या पाचनई किंवा खिरेश्वर गावात ट्रेकर्सच्या जेवणाची, मुक्कामाची सोय करणारं कुणी ओळखीचं आहे का? संख्येवर मर्यादा आली तर त्यांच्या चुलीचं काय, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. फोनवर अर्धा तास पुरेल. कृपया मेसेज करा.