पीएचपी : अ‍ॅरे ही सलग यादी आहे का, हे कसे तपासावे?

प्रश्न (सांगली)
येथील मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी हळदीच्या लॉटची यादी दाखवणारे पान मी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले आहे; यादी अ‍ॅरेमध्ये, म्हणजे अनेक मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या रचनेत आहे. सौदा झालेले लॉट अ‍ॅरे_फिल्टरने वगळून उरलेली यादी जेसन_एन्कोडने जेसन या मजकूर-स्वरूपात बदलून ब्राउझरकडे पाठवतो. सकाळी पान व्यवस्थित दिसते. मात्र सुरुवातीचे लॉट विकले गेले की यादीच उमटत नाही आणि कन्सोलवर 'मॅप हे फंक्शन नाही' अशा अर्थाची त्रुटी येते. केवळ शेवटचा लॉट विकला गेला असेल, तर काहीच बिघडत नाही. 'हा अ‍ॅरे आहे का' हे पाहणारे इज_अ‍ॅरे दोन्ही वेळा होकारच देते. मग फरक ओळखायचा कसा?

उत्तर (सातारा)
शेवटच्या लॉटबद्दलचे आपले निरीक्षण मोलाचे आहे, कारण दोष तिथेच सापडतो. अ‍ॅरे_फिल्टर नको असलेले घटक काढते, पण उरलेल्यांचे इंडेक्स, म्हणजे जागांचे क्रमांक, बदलत नाही. ० आणि १ या जागांवरचे लॉट गेले की यादी २ पासून सुरू होते, आणि इंडेक्स ० पासून सलग नसले की जेसन_एन्कोड चौकटी कंसाऐवजी महिरपी कंस लावून यादीऐवजी ऑब्जेक्ट पाठवते, आणि त्यावर मॅप चालत नाही. शेवटचा लॉट गेला तरी सलगपणा टिकतो. पीएचपीच्या लेखी दोन्ही अ‍ॅरेच असतात. हा भेद ओळखण्यासाठी २०२१ मधील ८.१ आवृत्तीपासून अ‍ॅरे_इज_लिस्ट हे फंक्शन आहे. तरी माझे मत असे, की इथे तपासत बसण्यापेक्षा गाळलेली यादी नेहमी इंडेक्स पुन्हा ० पासून लावणाऱ्या अ‍ॅरे_व्हॅल्यूजमधून काढूनच पाठवावी.

प्रश्नकर्ता
अ‍ॅरे_व्हॅल्यूज लावल्यावर पान सुरळीत झाले, मनापासून आभार. आता प्रत्येक लॉटमध्ये क्रमांक, पोती आणि दर आहेत का, हे इजसेटने तपासू लागलो, तर सगळेच लॉट अपूर्ण ठरत आहेत.

उत्तर (सांगली)
सौदा होईपर्यंत दर नल, म्हणजे 'मूल्यच नाही' असा असणार, आणि जागा असूनही तिथे नल असेल तर इजसेट नकारच देते. त्याऐवजी फक्त ती जागा आहे का एवढेच पाहणारे अ‍ॅरे_की_एक्झिस्ट्स वापरावे. मात्र त्याआधी तो लॉट स्वतः अ‍ॅरे आहे ना, हे इज_अ‍ॅरेने पाहावे, नाहीतर पीएचपी ८ मध्ये टाइप एरर येऊन पानच थांबते. तपासणी पार पडावी म्हणून नलच्या जागी ० भरू नये. हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला पडद्यावर शून्य दर दिसला, तर तो त्याला बोलीच समजेल.